छत्तीस थर

१

स्वयंपाकघरातल्या कपाटांना अकरा दारं होती. त्यांतली दहा उतरवून, खरवडून, घासून पुन्हा जागेवर लावायला रायमुंड पिटलिकला सतरा दिवस लागले. अकराव्याने त्याच्या नाकी नऊ आणले.

काम तसं अंगवळणी पडलं होतं. सकाळी सातला कॉफी, साडेसातला हातमोजे. गरम हवेची बंदूक दारावर फिरवायची, रंगाला फोड यायला लागले की पत्र्याची पट्टी आडवी धरून साल काढायची. खाचाखोचांत रंग सोडवणारी जेली लावून अर्धा तास गप्प बसायचं. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाडा, नंतर बारीक. चारला उजेड गेला की हत्यारं पुसून ठेवायची आणि दिवसभरात काय झालं ते वहीत लिहायचं. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत मोजणीदार म्हणून काढलेली. मोजल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय त्याला झोप लागत नसे.

घाई होती ती आईमुळे. ट्रूडाबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. ऑगस्टमध्ये जिन्यात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. घर तपासायला आलेल्या नर्सने स्वयंपाकघर पाहून मान हलवली होती. जुना शिशाचा रंग, पापुद्रे सुटून भांड्यांत पडतायत, त्यात म्हातारीची छाती नाजूक. "तेवीस डिसेंबरला पुन्हा येते," ती म्हणाली. "सगळी दारं स्वच्छ दिसली तर चोवीसला आईला घेऊन या. नाहीतर जानेवारीपासून त्यांची खाट तिथेच कायमची लागेल."

आई फक्त एवढंच म्हणाली होती, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला माझ्या टेबलाशी बसायचंय, मुंदेक. या खाटेवर मरायला लावू नकोस मला."

मुंदेक हे त्याचं लहानपणचं नाव. सत्तावन्न वर्षांच्या टकल्या माणसाला त्या नावाने हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

अकरावं दार शेगडीपलीकडच्या कोपऱ्यात, कमरेच्या खाली होतं. बुटकं, रुंदीला दोन वीत. मागे जागा भिंतीच्या कोपऱ्यात खोल गेलेली. ते उतरवता येत नव्हतं, कारण ते उघडतच नव्हतं. बिजागऱ्या आतल्या बाजूला. दार आणि चौकट यांच्यात फट म्हणून नव्हती. रंग या लाकडावरून त्या लाकडावर सलग गेला होता, शिवण घातल्यासारखा.

त्याने कडेला चाकूने तिरका छेद घेतला आणि भिंग लावून थर मोजले. खाणीत दगडाचे थर मोजावेत तसे. इतर दहा दारांवर सहा थर निघाले होते: तळाशी तपकिरी, मग साय-रंग, हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, पांढरा. तसं वहीत लिहिलेलं होतं.

या दारावर छत्तीस होते.

त्याने तीनदा मोजले. मग वैतागून चाकू आपटला आणि आईला फोन लावला.

२

"कोपऱ्यातलं ना? ते सोड," आई म्हणाली.

"सोड काय! नर्स सगळी दारं बघणार आहे. इतरांना सहा थर आणि याला छत्तीस, हे कसं काय?"

"रंगवत होते मी अधूनमधून."

"अधूनमधून? आई, बाबा जाऊन पस्तीस वर्षं होतायत. तू दर वर्षी रंगवलंस. एकच दार!"

"नाताळच्या आधी जरा बरं दिसावं म्हणून."

ते मात्र खरं होतं. खाणकामगारांची अख्खी वसाहत ईस्टरच्या आधी, खिडक्या उघड्या टाकून रंगवायची. ट्रूडा पिटलिक डिसेंबरात, खिडक्या घट्ट लावून. लग्न करून रायमुंड रिब्निकला गेला, पुढे लग्न मोडलं, पण प्रत्येक नाताळला तो या घरी यायचा, आणि जिना चढतानाच त्याला तळलेल्या कार्प माशाच्या वासात मिसळलेला ओल्या रंगाचा वास यायचा. त्यावरून शेजारणी आईला हसायच्या.

"खरवडलंस तर परत रंगवशील ना?" आईने विचारलं.

"नाही. लाकूडच ठेवणार. इतकं सुंदर पाइन आहे खाली. वर नुसतं पातळ पॉलिश."

मग ती म्हणाली, "लाकडात काय बघायचंय, मुंदेक," आणि फोन ठेवला.

३

गरम हवेला ते दार दाद देईना. इतर दारांवरून रंग सालपटासारखा निघाला होता. इथे तो नुसता डिंकासारखा मऊ होई आणि पट्टीला चिकटून पुन्हा दारावर बसे. तीन पट्ट्यांची धार गेली. शेवटी त्याने जेली लावून एकेक थर सोडवायचं ठरवलं. दिवसाला पाच-सहा थर. नाताळ दहा दिवसांवर आला होता.

वरच्या पांढऱ्या थरावर, बिजागरीच्या विरुद्ध कडेला, चार खळगे होते. ओल्या रंगाला बोटं लागली की होतात तसे. त्याकडे त्याने लक्ष दिलं नव्हतं. पांढरा निघाला, खाली दुसरा पांढरा. त्यावरही चार खळगे. त्याखालच्या राखाडीवरही.

रायमुंड घाबरट नव्हता. त्याने आधी सरळ विचार केला: तळाच्या थरात एकदा खळगा पडला की वरचे सगळे थर त्याच्या आकाराने बसणार. खाणीत जमीन खचली की वरचे सगळे थर वाकतात, तसंच. समाधान झालं. मग सवयीने त्याने पट्टी लावून अंतरं मोजली, आणि समाधान गेलं. पहिल्या थरातले खळगे खालच्या कडेपासून एकतीस सेंटिमीटरवर होते. दुसऱ्यातले सव्वीसवर. तिसऱ्यातले चौतीसवर. प्रत्येक वर्षीची बोटं वेगळी लागली होती.

आईने रंग सुकलाय का ते बघितलं असेल. दर वर्षी? असेल. म्हाताऱ्या माणसांना सवयी असतात.

पाचव्या दिवशी तो निळ्या थरापाशी आला आणि तिथे अडला. तो निळा त्याने स्वतः लावला होता. एक्क्याण्णव साली आईचा खांदा धरला होता, म्हणून सगळं स्वयंपाकघर त्यानेच रंगवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी या दारावर बोटं उठलेली दिसली. "तू हात लावलास का?" आईने विचारलं होतं. "नाही," तो चिडून म्हणाला होता, कारण आता तेवढा भाग परत करावा लागणार होता. "बरं," आई म्हणाली होती, "राहू दे तसंच." ती रागावली नव्हती. उलट दिवसभर गुणगुणत होती. हे त्याला अठ्ठावीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

त्याने भिंग घेतलं. तीन बोटांची टोकं गोल होती. उरलेलं एक, करंगळीशेजारचं, आखूड होतं. त्याचा खळगा कडेच्या अगदी जवळ, आणि त्यात रेषा नव्हत्या, नुसता गुळगुळीत बोथट ठसा.

आईची दहाही बोटं धड होती. उजव्या हाताचं ते बोट खाणीत कोळशाच्या दोन वाघिणींच्या मध्ये सापडून अर्धं गेलं होतं ते वडिलांचं. आणि वडील चौऱ्याऐंशी साली वारले होते.

अजून एक गोष्ट त्याला छळत होती. त्याने शेजारचं स्वच्छ केलेलं दार उघडलं आणि हाताने सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. बाहेरून दार धरलं की बाहेरच्या बाजूला अंगठा येतो आणि बोटं आत जातात. या ठशांत अंगठा कुठेच नव्हता. चारही बोटांची टोकं बाहेरच्या बाजूला, बिजागरीकडे वळलेली. तसं व्हायला हात आतून यावा लागतो.

"मूर्खपणा," तो मोठ्याने म्हणाला आणि रागारागाने खरवडायला लागला. खर्र, खर्र, खर्र. दम लागून थांबला.

खर्र.

एकच. दारामागून. त्याने श्वास धरून वाट पाहिली. भिंतीपलीकडे पाण्याचा नळ होता, खाली एर्विनकाका राहायचे, इमारत शंभर वर्षांची. आवाज कुठूनही येऊ शकतो. त्याने वहीत लिहिलं: "प्रतिध्वनी." मग त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि त्या प्रश्नचिन्हाचाच त्याला राग आला.

४

एर्विनकाका खाणीतले निवृत्त सुतार, वय एक्याऐंशी, जीभ मात्र ताजी. एकवीस तारखेला ते काखेत पहार घेऊन वर आले.

"तीन आठवड्यांत दहा दारं? अरे पोरा, एवढ्यात मी चर्च उभं केलं असतं, घंटेसकट."

"हे अकरावं बघा काका. मग बोला."

काकांनी खाली वाकून दार पाहिलं. आता त्यावर तळाचे दोनच थर उरले होते, तपकिरी आणि त्यावर साय-रंग. साय-रंगावर बोटं नव्हती. तो एकदम गुळगुळीत होता. बोटं त्याच्या वरच्या थरापासून सुरू झाली होती, पंच्याऐंशीपासून.

काका सरळ झाले. पहार त्यांनी भिंतीला टेकवली. "हा रंग गेरार्दचा."

"बाबांचा, माहितीय."

"काय माहितीय तुला? तू फौजेत होतास. तिसऱ्या दिवशी आलास, थेट दफनाला." त्यांनी खुर्ची ओढली. "सगळं स्वयंपाकघर रंगवलं त्याने, हे दार शेवटचं. ते झालं, इथे बसला, हातात ब्रश तसाच, आणि गेला. सकाळी ट्रूडाने मला बोलावलं. मग आपली रीत. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, खिडकी उघडली. घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक कपाट, प्रत्येक ड्रॉवर उघडला. माणसाला निघायला वाट नको का? शेगडीचं दारसुद्धा उघडलं आम्ही. हे एक उघडेना. रात्रीतून रंग सुकून चिकटला होता. मी म्हटलं, थांब, चाकू आणतो. तर म्हणाली, राहू दे."

"राहू दे?"

"हो. म्हणजे रडून नाही, चिडूनही नाही. कोणी पाहुणा उठायला लागला की आपण म्हणतो ना, 'बसा हो जरा', तसं."

मग काका हसले. "तुझी आई नाताळला दर वर्षी तुझ्या हातून मला खसखशीचा गोड वाडगा पाठवायची. 'एर्विन एकटा असतो, तासभर बस त्याच्यापाशी.' दर वर्षी! मला आपलं वाटायचं, म्हातारीचं माझ्यावर मन बसलंय."

"मग लावा ना पहार."

"छे." काकांनी पहार पुन्हा काखेत घेतली. "जिथे मला चाकू लावू दिला नाही, तिथे पहार लावायला मला सांगू नकोस, रायमुंड."

"मग आणली कशाला?"

"तुला कामाला लावायला," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

५

बावीस तारखेला दुपारी दोनपर्यंत दार कोरं झालं. पिवळसर पाइन, तीन गाठी, एक चीर. आता चारी बाजूंनी फट स्पष्ट होती. रायमुंडने चाकूचं पातं वरपासून खालपर्यंत फिरवलं, कुठेही अडलं नाही. कुलूप नाही, कडी नाही, खिळा नाही. उद्या नर्स येणार आणि म्हणणार, हे उघडून दाखवा.

त्याने मुठीला धरून ओढलं. दार हललं नाही.

पाय चौकटीला लावून ओढलं. मग शिव्या देऊन ओढलं, बापाच्या, सुताराच्या, स्वतःच्या नशिबाच्या नावाने. एक महिना! हातांची सालं निघाली होती, खोकल्यातून रंगाची धूळ पडत होती, आणि हे दीड हाताचं फळकूट त्याला दाद देत नव्हतं. त्याने जाड पटाशी फटीत घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं.

दार बोटभर उघडलं.

आतून वास आला. ओल्या रंगाचा, आत्ताच डबा उघडावा तसा.

मग आतल्या अंधारातून दाराच्या कडेवर बोटं आली. घाईने नाही. एक, दोन, तीन, आणि एक आखूड. नखांच्या कडांना साय-रंग लागलेला होता. माणूस कपडे बदलत असताना कोणी दार लोटलं तर तो आतून जसं ओढून घेईल, तसं त्यांनी ते दार आत ओढून घेतलं. पटाशी खाली पडली. खट्ट आवाज करून दार बंद झालं.

खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. खाली अंगणात कोणीतरी सतरंजी झोडपत होतं. रायमुंड फरशीवर बसून होता, आणि त्याला एवढंच कळत होतं की दार इतके दिवस अडकलेलं नव्हतं. धरलेलं होतं.

६

त्या दिवशीच्या पानावर त्याने फक्त तारीख घातली.

तेवीसला उजाडताच त्याने मोरीखालचा आईचा पांढऱ्या रंगाचा डबा काढला. गेल्या वर्षीचा, वर साय आली होती, खाली चांगला होता, डब्यावर शिसं नसल्याचं छापलेलं. बाहेर बर्फ होतं, खिडकी उघडायची सोय नव्हती. त्याने जाड ब्रश घेतला आणि विचार न करता रंगवलं. फट आधी. फटीत रंग कोंबला, वरून ओढला, पुन्हा कोंबला. जे काही आत होतं ते तिथेच राहू दे. पस्तीस वर्षं आईने हेच केलं होतं, हे त्याला आता समजलं. एकटीने, दर हिवाळ्यात, कोणाला न सांगता ती हे दार बुजवत आली होती, आणि त्याने मूर्खासारखं ते सोलून काढलं.

बारा वाजता नर्स आली. दहा दारं उघडून पाहिली, लाकडावरून हात फिरवला, खूश झाली. "हे कोपऱ्यातलं?"

"त्याला हात लावू नका," रायमुंड म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की दोघंही दचकली. "रंग ओला आहे," त्याने सावरून घेतलं.

तिने सही केली.

७

चोवीसला दुपारी ट्रूडाबाई घरी आली. रुग्णवाहिकेच्या माणसांनी खुर्चीसकट वर आणलं. उंबऱ्यातच तिने नाक वर केलं आणि वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या पाच महिन्यांच्या सुरकुत्या सैल झाल्या.

"रंगवलंस."

"रंगवलं, आई. घट्ट बसवलंय. आता काही होत नाही. मला सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

"तू ते का बुजवत होतीस ते."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो शाळेत नापास होऊन आला की पाहायची. "बुजवत? अरे, सुकलेल्या रंगाने दार चिकटतं. ओल्याने चिकटतं का कधी?"

रायमुंडने नकळत कोपऱ्याकडे पाहिलं. पांढरा रंग अजून चमकत होता. बंद खिडक्यांच्या त्या गारठ्यात तो उद्यापर्यंत सुकणार नव्हता.

"वर्षभर घट्ट असतं," आई म्हणाली. "तेवढा एक दिवस सैल. आणि तू काय केलंस, ओढलंस ना? तुझ्या बापाला ओढून कोणी कुठे नेलंय का? लग्नातसुद्धा स्वतः तयार होईपर्यंत खोलीबाहेर आला नाही." तिने टेबलावरचं कापड सरळ केलं. "ताटं मांड. दोन आपली, आणि एक जास्तीचं."

जास्तीचं ताट त्या संध्याकाळी वसाहतीतल्या प्रत्येक घरात मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. सगळीकडे ते रिकामंच राहतं. रायमुंडने ते नेहमीच्या जागी, दरवाजाकडे तोंड करून ठेवलं. आईने हात लांब करून ते उचललं आणि कोपऱ्याच्या बाजूला ठेवलं. मग खुर्चीही तिकडे सरकवायला सांगितली.

जेवायला बसायची खूण असलेली पहिली चांदणी दिसली. त्यांनी पवित्र पोळीचा तुकडा मोडून एकमेकांना दिला, मासा खाल्ला. मग आईने खसखशीचा वाडगा भरून त्याच्या हातात ठेवला.

"एर्विनला देऊन ये. तासभर बस. एकटा असतो बिचारा."

"आई, आज नको. तू आजच आलीयस."

"जा, मुंदेक."

जिन्यात चार पायऱ्या उतरून तो थांबला. वर स्वयंपाकघरात आई कोणाशीतरी बोलत होती, प्रार्थना असेल. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईला उठता येत नव्हतं. तिची चाकाची खुर्ची सरकताना आवाज करत नसे.

त्याने परत जायला पाय उचलला, पण तो खालच्याच पायरीवर पडला.

एर्विनकाकांकडे त्याने तास नाही, दीड तास काढला. काका टिंगल करत होते, तो हो-हो करत होता. वर परतला तेव्हा आई बशी पुसत बसली होती, मांडीवर टॉवेल. तिसरी बशी. कोपऱ्यातल्या दारावर, ओल्या पांढऱ्या रंगात, चार खळगे होते.

"डब्यात रंग उरलाय का रे?" आईने विचारलं.

"आहे अर्धा."

"झाकण घट्ट लावून ठेव. मी गेले की इथली रीत तू करशील ना, सगळी दारं, ड्रॉवर उघडायचे?"

"करेन, आई."

"सगळी उघड." तिने कोपऱ्याशेजारच्या दाराकडे हनुवटीने दाखवलं, ज्याचं लाकूड त्याने सगळ्यात मन लावून घासलं होतं. "हे तेवढं आदल्या दिवशी रंगवून ठेव."